नववी-दहावीच्या मुलांना घरचा पैसा आणि आधारची सुरक्षितता कशी शिकवावी?

प्रश्न : एक शिक्षक, घाटंजी तालुका, यवतमाळ

आमच्या शाळेतील बहुतेक मुले कापूस-तुरीवर जगणाऱ्या घरांतील आहेत. वडिलांच्या मोबाईलवर आलेला बँकेचा संदेश वाचून दाखवणे, पीएम-किसानचा 2000 रुपयांचा हप्ता जमा झाला का ते पाहणे, पीक विम्याचा अर्ज भरताना सोबत जाणे, ही कामे याच मुलांकडे असतात. घरचे व्यवहार ती सांभाळतात, पण व्याज कसे चढते किंवा ओटीपी का सांगू नये, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. आठवड्यातून एक तास मिळण्यासारखा आहे. शेअर बाजारापासून सुरू होणारे धडे या मुलांच्या उपयोगाचे वाटत नाहीत. मग सुरुवात कुठून करावी?

उत्तर : निवृत्त बँक कर्मचारी, वणी

सर, सुरुवात व्याजापासूनच करावी. जूनमध्ये बियाण्यासाठी शेकडा पाच रुपये महिन्याने 20,000 रुपये उचलले आणि कापूस विकून डिसेंबरात फेडले, तर नुसते व्याजच 6,000 रुपये होते, म्हणजे वर्षाला 60 टक्के. हे गणित मुलांकडून फळ्यावर करवून घ्या आणि सोसायटीच्या पीक कर्जाचा दर त्यांना घरून विचारून आणायला सांगा. सावकाराकडे 2014 च्या कायद्यानुसार परवाना असावा लागतो, हेही त्यांच्या कानावर घाला.

दहावीनंतर शिकायला बाहेरगावी जाणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगा. थोडे पैसे देऊन कोणी बँक खाते किंवा एटीएम कार्ड वापरायला मागितले, तर त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस सर्वांत आधी खातेदाराच्या दारात येतात.

उत्तर : सेवा केंद्र चालक, आर्णी तालुका

आधारची प्रत आपण फार सहज देतो. जिथे चालते तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे, आणि झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कारण व तारीख आडवी लिहावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत काम झाल्यावर केंद्राच्या संगणकातून आपल्यासमोर पुसून घेण्याची सवय मुलांना लावा. आम्ही चालकांनी त्याचा राग मानू नये.

आधारवरून पैसे काढताना ओटीपी लागत नाही, अंगठा पुरतो. म्हणून बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारवरील अंगठ्याची ओळख बंद करून ठेवण्याची सोय, शिकवाच. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, तेव्हा आजीच्या आधारला लॉक लावण्याआधी तो उघडायचा कसा हे मुलाला पक्के यायला हवे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे संचार साथी पोर्टलवर वर्गातच पाहता येते.

प्रश्नकर्ते शिक्षक

दोघांचेही मनापासून आभार. पैसे गेलेच, तर मुलाने पहिल्यांदा काय करावे?

उत्तर : निवृत्त बँक कर्मचारी, वणी

लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच ते परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. अडचण अशी, की मार बसेल या भीतीने मुले घरी बोलतच नाहीत आणि मोलाचा वेळ तिथेच जातो. त्यामुळे हा भाग पालकसभेत, आई-वडिलांसमोर शिकवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.