मदत हवी आहे: ऑफिसच्या इमारतीला शेजारच्या बंगल्याची हरकत

अर्धवट_नकाशा:
कंपनीचं स्वतःचं ऑफिस बांधतोय, चार मजले. शेजारच्या बंगल्यातून पत्र आलंय, तुमच्या खिडक्या आमच्या घरात डोकावणार म्हणून. आर्किटेक्ट म्हणतो सगळं नियमात आहे. असेल, पण उद्या तिथे रोज जायचंय मला. पूर्ण काच ठेवून काय करता येईल? लवकर सांगा, सोमवारी नकाशे फायनल करायचेत.

पेठेतली_माया:
गाव कुठलं? बंगला कुठल्या दिशेला? मध्ये अंतर किती? आम्ही काय साइटवर उभे आहोत?

अर्धवट_नकाशा:
पुणे, कोथरूड. बंगला पश्चिमेला. अंतर नियमाप्रमाणे.

खडूस_इंजिनिअर:
‘नियमाप्रमाणे’ टेपने मोजता येत नाही. मीटर सांगा.

अर्धवट_नकाशा:
साडेचार.

खडूस_इंजिनिअर:
पश्चिमेला पूर्ण काच म्हणजे दुपारनंतर तुमची माणसं भाजणार आणि काचेवरून उलटलेलं ऊन त्यांच्या घरात शिरणार. त्या बाजूला कुणाला बसवूच नका. जिना, लिफ्ट, टॉयलेट, पँट्री तिकडे सरकवा, खिडक्या पावणेसहा फुटांच्या वर घ्या. कामाच्या जागेला उजेड उत्तरेचा घ्या.

फिल्मवाला_बंड्या:
एवढी उलथापालथ कशाला? मिरर फिल्म लावा, विषय संपला. आमच्या ऑफिसला आहे, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

पेठेतली_माया:
दिवसा नाही दिसत. आत दिवे लागले की बंड्याभाऊ, तुम्हीच दिसता. माझ्या बेडरूमसमोर असंच ऑफिस आहे. रात्री साडेअकराला कोण खुर्चीत मान टाकून झोपलंय, तेही कळतं.

जुना_भटक्या:
काचेवरून आठवलं. लंडनच्या ‘वॉकी-टॉकी’ इमारतीची काच आतल्या बाजूला वळलेली होती. 2013 साली तिच्यावरून एकवटलेल्या उन्हाने खाली उभ्या जॅग्वारचे भाग वितळले होते!

वास्तुप्रेमी:
ईशान्य मोकळी ठेवा. जनरेटर आग्नेयेला. बाकी सगळं आपोआप होतं.

खडूस_इंजिनिअर:
जनरेटरचं कुणी विचारलं नव्हतं, पण बरं झालं निघालं. कुठे आहे तो?

अर्धवट_नकाशा:
पश्चिमेच्या कंपाउंडलगत. सायलेंट आहे हो.

खडूस_इंजिनिअर:
‘सायलेंट’ म्हणजे कॅनॉपीपासून, म्हणजे जनरेटरवरच्या पेटीपासून, एक मीटरवर 75 डेसिबलच्या आत, एवढंच. अंतर दुप्पट झालं की साधारण 6 कमी होतात. म्हणजे साडेचार मीटरवरही 62च्या आसपास. तुमचा तर भिंतीलाच टेकलाय. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45. खिडक्यांवर पडदे ओढता येतात, याच्यावर काय ओढणार ते? रस्त्याच्या बाजूला न्या. एसीची आउटडोअर युनिटंही तिकडे नकोत.

पेठेतली_माया:
आणि सिगरेटवाल्यांना उभं राहायला जागा काढा, नाहीतर ती बंगल्याच्या फाटकावर निघते. मुख्य म्हणजे, त्या घरी गेला होतात का एकदा तरी?

अर्धवट_नकाशा:
कंत्राटदाराला पाठवलं होतं.

पेठेतली_माया:
धन्य.

अर्धवट_नकाशा:
आज जाऊन आलो. आजी एकट्याच असतात. पत्र मुलाने परदेशातून लिहिलंय. खिडक्यांबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या हद्दीत भिंतीलगत जुना आंबा आहे, कैऱ्या त्यांच्या अंगणात पडतात. तो राहणार का, एवढंच विचारत होत्या. घरी येऊन नकाशा उघडला. जनरेटरचा चौथरा बरोबर त्या जागी आहे, झाड दाखवलेलंच नाही.

खडूस_इंजिनिअर:
अहो, 1975चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. आपल्या हद्दीतलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सोमवार विसरा.

अर्धवट_नकाशा:
आर्किटेक्ट फोन उचलत नाहीये.

फिल्मवाला_बंड्या:
मग फिल्मचं काय ठरलं?