बायॉप्सी टाळू नका

भावाच्या गाठीचं काय करावं, असं धागाकर्तीने विचारलंय. त्यावर "सुई टोचली की गाठ पसरते, म्हणून बायॉप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) न करता थेट काढून टाका" असं कुणीतरी वर लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. सुईच्या वाटेवर पेशी राहू शकतात हे खरं. म्हणूनच पुढचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ती वाट ठरवायची असते, म्हणजे नंतर ती गाठीबरोबर कापून काढता येते. मॅनकिन या अमेरिकन हाडांच्या सर्जनने आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हाडं आणि मऊ ऊतींचा कॅन्सर असलेल्या ३२९ रुग्णांच्या बायॉप्सी तपासल्या. त्यात बायॉप्सीतल्या घोळामुळे ४.५ टक्के लोकांचा हात किंवा पाय विनाकारण कापावा लागला होता! उपचार करणाऱ्या केंद्राबाहेर झालेल्या बायॉप्सीत असे घोळ कितीतरी जास्त होते.

ऐरोलीला माझ्या भाच्याच्या मांडीतली गाठ 'चरबीची असेल' म्हणून ना एमआरआय, ना बायॉप्सी, थेट काढली गेली. रिपोर्टात सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या ऊतींचा कॅन्सर आला. मग जुन्या व्रणासकट पुन्हा मोठं ऑपरेशन. पोराचे फार हाल झाले. धागाकर्तीच्या भावाची गाठ खोल आहे आणि वाढतेय, तेव्हा आधी एमआरआय कराच, तोही बायॉप्सीच्या आधी. सुईनंतरच्या रक्तस्रावाने चित्र नीट कळत नाही. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र परळच्या टाटा हॉस्पिटलचंच आहे, तुम्हाला ठाण्याहून परळपेक्षा ते सोयीचं पडतं का, हे तिथे विचारून घ्या.