कौटुंबिक न्यायालयाच्या फीसाठी कायद्याने स्वतंत्र निधी हवा का?

तराजू
कोर्ट फी हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्याने कायदा करायचा विषय. ती जमा होते राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे मुख्य तिजोरीत, आणि एकदा तिथे गेली की कौटुंबिक न्यायालयाला किती मिळायचं याच्याशी तिचं नातं तुटतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने कलम ६ मध्ये समुपदेशक दिले, पण ते किती हे राज्य सरकारवर सोडलं. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५-२० साठी २३५ नवी कौटुंबिक न्यायालयं सुचवली खरी, पण त्याचा पैसा राज्यांच्या वाढीव करवाट्यातूनच काढायचा होता. तो त्याच कामावर खर्च करायचं बंधन नव्हतं. म्हणून कायद्यातच वेगळा निधी हवा. जिल्हावार फी किती आली, किती माफ झाली, समुपदेशनावर किती गेली, हा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे यावा.

जमाखर्च
निधीत पडणार काय? महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महिलांना फी माफ आहे. नुसत्या घटस्फोटाच्या अर्जाची फी किरकोळ. घसघशीत रक्कम येते ती मालमत्तेच्या मागणीवर, तीही अर्जदार पुरुष असेल तर. म्हणजे जिथे पोटगीचे अर्ज ढीगभर, तिथली तिजोरी रिकामी, आणि समुपदेशकांची गरज नेमकी तिथेच जास्त. वर, न्यायालयाचा खर्च फीवर अवलंबून ठेवला की फी वाढवायला आयतं निमित्त मिळतं. २०१८ पासून राज्यात कमाल कोर्ट फी ३ लाखांवरून १० लाख झालीच आहे.

तराजू
फीवरच चालवा असं कुठे म्हटलं? अनुदान मूळ, फी वरकड. आज माफ झालेल्या फीची एकत्रित बेरीजही समोर येत नाही, मग भरपाई मागायची कशाच्या आधारावर?

जमाखर्च
बेरजेसाठी निधी कशाला? माफी दिलेल्या प्रत्येक अर्जावर 'देय फी इतकी, माफ इतकी' अशी नोंद करायचा नियम केला की काम झालं. तज्ज्ञांचं आणि न्यायमित्राचं (न्यायालयाने मदतीला नेमलेल्या वकिलाचं) मानधन राज्याच्या महसुलातून देण्याबाबत नियम करायचा अधिकार १९८४ च्याच कायद्यातल्या कलम २३ ने दिलाच आहे.

बेलिफ
दोघंही फीतच अडकलात. पक्षकाराचा जीव टांगणीला लागतो तो न्यायालयात भरलेल्या पोटगीपायी. ती सरकारची कमाई नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २८४ प्रमाणे ती लोकलेख्यात, म्हणजे सरकारकडे नुसती ठेव असलेल्या पैशांच्या खात्यात जाते, एकत्रित निधीत नाही. तराजूंच्या निधीत ही ठेव चुकूनही मिसळता कामा नये. अडतं कुठे तर काढताना: रक्कम उचलण्याचा अर्ज, ओळख, मंजुरी, मग रक्कम. चलनावर दाव्याचा क्रमांक चुकला की लेखा शाखेत मेळ लागत नाही आणि अर्ज परत येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा असं कायदा म्हणतो, जमा झालेली रक्कम किती दिवसांत हातात पडावी यावर मात्र मुदत नाही. आदेशातच पत्नीचा खाते क्रमांक लिहून थेट भरणा सांगितला तर निम्मी कटकट संपते.

जमाखर्च
थेट भरणा चालेल, पण मग थकबाकीचा वाद झाला की न्यायालयाकडे पावती नसते. बँकेचा उतारा पती-पत्नी दोघांनीही दाखल करायचा, हे त्याच आदेशात हवं.

बेलिफ
मान्य. आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर फी परत मिळते, तेही निवाड्यात स्पष्ट लिहायला सांगा. उल्लेख नसला की कार्यालय परताव्याचा दाखला द्यायला कां-कूं करतं.