किरणोत्सारी होत नाही, पण बदलतं नक्की

कुणीतरी लिहिलंय की गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं पॅकिंग किरणोत्सारी होत नाही, म्हणजे प्लॅस्टिकला काही होत नाही. पहिलं विधान बरोबर आहे. ही गॅमा किरणं देणाऱ्या कोबाल्ट-६० च्या किरणांची ऊर्जा (१.१७ आणि १.३३ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) किरणोत्सारी करायला पुरत नाही. पण रासायनिक बंध तोडायला ती पुरून उरते.

नेहमीचा डोस २५ किलोग्रे (शोषलेल्या किरण-ऊर्जेचं माप). एवढ्यात सर्वात जास्त त्रास देतं ते पॉलिप्रॉपिलीन. साखळीतल्या एकाआड एक कार्बनवर मिथाइल गट असतो. तिथला हायड्रोजन पटकन निघतो, उरलेल्या मूलकाला (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या, पटकन क्रिया करणाऱ्या तुकड्याला) हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि साखळी तुटते. वैताग असा की काही मूलकं स्फटिकी भागात अडकून बसतात आणि महिनोन्महिने हळूहळू हेच करत राहतात. त्यामुळे साधं, स्टॅबिलायझर (ही झीज रोखणारं रसायन) नसलेलं पॉलिप्रॉपिलीन वापरलं, तर किरणांखालून निघताना ठणठणीत असलेली सिरिंज गोदामात पडून पडून ठिसूळ होते, दाबली की कटकन तुटते. लगेच चाचणी घेऊन 'पास' लिहिण्याला माझ्या मते फारसा अर्थ नाही.

पॉलिइथिलीनमध्ये उलट साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, रंग पिवळा पडतो. पॉलिस्टायरीन बेंझिन वलयांमुळे निवांत.

अशी निर्जंतुक केलेली पिशवी उघडल्यावर येणारा उग्र वास बहुधा ऑक्सिडीकरणातून निघालेल्या लहान रेणूंचा. शिवाय ऑक्सिडीकरण रोखायला प्लॅस्टिकमध्ये मिसळलेले अँटिऑक्सिडंट स्वतःच मोडतात आणि त्यांचे तुकडे आतल्या मालात उतरू शकतात. तेव्हा पुरवठादाराला नुसतं पॉलिमरचं नाव विचारू नका, त्यात मिसळलेले अ‍ॅडिटिव्हही विचारा. ई-बीमने (वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोताने) तोच डोस काही सेकंदांत बसतो, ऑक्सिजनला आत शिरायला वेळ मिळत नाही, म्हणून तिथे नुकसान सहसा कमी.