‘फ्री अँड रिड्यूस्ड लंच’साठी मराठीत काय लिहावे?

प्रश्न : अमेरिकेतील शाळांवरील एका लेखाचा अनुवाद करीत आहे. त्यात शाळेतील गरिबी सांगताना ‘फ्री अँड रिड्यूस्ड लंच’च्या विद्यार्थ्यांची टक्केवारी वारंवार येते. तेथे ‘दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थी’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : तसे लिहू नये, कारण त्याने आकड्याचा अर्थच बदलतो. अमेरिकेतील राष्ट्रीय शालेय भोजन योजना १९४६ च्या कायद्याने सुरू झाली. तिच्या आजच्या नियमांनुसार कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर मुलाला जेवण मोफत मिळते, आणि १३० ते १८५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सवलतीच्या दरात, म्हणजे जास्तीत जास्त ४० सेंटला. २०२४-२५ या शालेय वर्षासाठी चौघांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा ३१,२०० डॉलर धरली होती आणि सवलतीची वरची मर्यादा ५७,७२० डॉलर होती. या दोहोंच्या मधली सगळी कुटुंबेही त्या टक्केवारीत मोजली जातात.

मी ‘मोफत वा सवलतीच्या शालेय भोजनास पात्र विद्यार्थी’ असे लिहीन. लांबलचक वाटले तरी त्यातला ‘पात्र’ गाळू नये, कारण पात्र असूनही अर्ज न भरणारी, किंवा लाजेखातर ते जेवण न घेणारी मुले असतात, विशेषतः वरच्या वर्गांत. ‘शालेय पोषण आहार’ हा तयार शब्दही येथे टाळावा. आपल्याकडे सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या कोणत्याही मुलाला तो मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यामुळे त्या शब्दावरून मराठी वाचकाला गरिबीचा बोध होणारच नाही.

पुरवणी : ‘पात्र’ म्हणतानाही लेख कोणत्या वर्षाचा आहे हे पाहावे. २०१० च्या कायद्याने आलेली सामुदायिक पात्रतेची तरतूद २०१४-१५ पासून देशभर लागू झाली. तीत घरोघरचे अर्ज घेतले जात नाहीत. अन्नसाहाय्यासारख्या सरकारी योजनांच्या यादीवरून, तसेच बेघर वा सांभाळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवलेली (फॉस्टर केअर) म्हणून जी मुले आपोआप ओळखली जातात, त्यांचे प्रमाण पुरेसे असले की सगळ्या शाळेला जेवण मोफत मिळते. हे किमान प्रमाण आधी ४० टक्के होते, २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणले गेले. समजा, ५०० मुलांच्या शाळेत अशी २०० मुले आहेत. सरकार २०० ला १.६ ने गुणून ३२० मुलांच्या, म्हणजे ६४ टक्के जेवणांची भरपाई मोफत जेवणाच्या दराने देते, आणि जेवतात मात्र पाचशेच्या पाचशे. या शाळेची गरिबी ४० टक्के, ६४ टक्के की १०० टक्के, हे नोंद करणाऱ्याने काय मोजले यावर ठरते. म्हणून अनुवादात ‘यादीवरून ओळखलेले’, ‘पात्र’ आणि ‘जेवण घेणारे’ हे तीन शब्दप्रयोग कटाक्षाने वेगळे ठेवावेत, आणि मूळ लेखात ते मिसळले असतील तर तळटीप द्यावी. कॅलिफोर्नियाने २०२२-२३ पासून सर्वच मुलांना मोफत जेवण दिले आहे. तेथे ‘जेवण घेणारे’ या आकड्यातून गरिबी मुळीच कळत नाही.

आणखी एक : काही राज्ये आता या मुलांना ‘इकॉनॉमिकली डिसअॅडव्हान्टेज्ड’ म्हणतात. त्यासाठी ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ वापरू नये. २०१९ च्या घटनादुरुस्तीनंतर आपल्याकडे तो आरक्षणातील एका ठरावीक वर्गाचा शब्द झाला आहे. ‘आर्थिकदृष्ट्या वंचित’ बरा.