"तू नुसते ओठ हलव" – शाळेतलं गाणं, चित्रं आणि आपण

कुंदकळी:
परवा लेक शाळेतून आली (तिसरीत आहे) आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, आई मी समूहगीतात आहे पण मागच्या ओळीत, बाई म्हणाल्या तू हळू म्हण. झालं, तव्यावरची पोळी करपली माझी. कारण 1989 साली, तिसरीतच, मला हेच सांगितलं होतं. हळू पण नाही, "तू नुसते ओठ हलव". मी हलवले. आमचा दुसरा नंबर आला, प्रत्येकाला स्टीलचा पेला मिळाला, तो अजून आहे, त्यात कढीपत्ता ठेवते. तेव्हापासून गणपतीत आरतीला फक्त टाळ्या वाजवते मी, सासरी सगळ्यांना वाटतं सून फार शांत आहे. सर वाईट नव्हते हां, पेटी सुंदर वाजवायचे. असो. तुमचंही लिहा, गाणं, चित्रकला, कार्यानुभव, काहीही चालेल.

वऱ्हाडी_ठेचा:
गाण्याचं जाऊ द्या, चित्राचं सांगतो. आमचं गाव अकोल्याकडचं, जिकडे पाहाल तिकडे सपाट कपाशी, तरी चार वर्षं आम्ही दोन डोंगर, मधून सूर्य आणि नारळाचं झाड काढलं. नारळ फक्त देवळात पाहिलेला, तोही सोललेला.

देवगडची_आंबोळी:
@वऱ्हाडी, आमच्याकडे नारळ, डोंगर दोन्ही होतं पण सूर्य डोंगरातून येतो आणि समुद्रात बुडतो, म्हणून मी सूर्य पाण्यात काढला तर बाईंनी खोडून डोंगरात नेला 😂

भेंडीबाजार:
भेंडीचे ठसे कोणी आठवेल का? पाव किलो आणायला सांगायचे, ठशाला लागायची एक. उरलेल्याची भाजी डब्यात. दोन दिवस.

पाटीपेन्सिल:
मी डहाणूकडे जि.प. शाळेत होतो बरीच वर्षं. नवीन होतो तेव्हा फळ्यावर वारली काढून दाखवली, हो मीच, त्यांना. वरती त्रिकोण, खाली उलटा त्रिकोण, गोल डोकं, मधे तारपेवाला, भोवती नाचणारे. चौथीतली एक मुलगी उठली, "गुरुजी, हे दोघं चुकले". म्हटलं काय चुकले? तर तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करून कोणी नाचत नाही, आणि माझ्या चित्रातले दोघे खुशाल पाठ करून उभे. तिच्या घरी लग्नाचा चौक लिहितात, म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवर चित्र काढतात, गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करतात. दुसऱ्या दिवशी ती तसली काडी घेऊन आली माझ्यासाठी. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशांना 2011 ला पद्मश्री मिळाली तेव्हा वर्गात सांगायला लागलो तर अर्ध्यांना आधीच माहीत होतं. त्यानंतर वारलीच्या तासाला मी खुर्चीत आणि मुलं फळ्यापाशी.

कुंदकळी:
@पाटीपेन्सिल किती छान! "चौक लिहितात" म्हणतात हे माहीत नव्हतं.

दोनशिक्षकी:
शिक्षकांना नावं ठेवायच्या आधी एक सांगते. प्राथमिकला चित्रकलेचे, गाण्याचे वेगळे शिक्षक बहुतेक सरकारी शाळांत नसतातच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही कलेचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीलाच, तोही पट शंभरावर असेल तर. म्हणजे पहिली ते चौथी मीच भाषा, मीच गणित, मीच लेझीम. मला स्वतःला सा लागत नाही. परिपाठाला मी सुरुवात करते, मग मुलं मला सावरून घेतात. (चुलीवर दूध आहे, नंतर येते)

फोंड्याचा_बाबू:
आमच्या मराठी शाळेत पेटी नव्हतीच, घुमट होतं. चवथीच्या आरत्यांना घरोघर वाजतं तेच, मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. आजोबांचं घोरपडीच्या कातड्याचं होतं, नंतर कायद्याने बंदी आली, आता बकरीचं लावतात. आवाज तो नाही असं आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे. मी ते शाळेत नेलं आणि फोडलं. पुढचं लिहीत नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
लिहा की राव 😄

फोंड्याचा_बाबू:
नको. आजोबा नाहीत, पण आई हे वाचते.

काजूकतली:
तेलखडूच्या डबीतला पांढरा खडू कोणाचा संपलाय का आजवर? माझा वर्षभर कोरा राहायचा. मग आत्याने शिकवलं, पांढऱ्या कागदावर पांढऱ्यानेच दाबून चित्र काढायचं, काही दिसत नाही, वरून पातळ निळा जलरंग फिरवला की चित्र उमटतं, कारण खडू तेलकट, त्याच्यावर पाणी धरत नाही. वर्गात केलं तर सगळी पोरं माझ्या बाकावर चढली. हुशार म्हणून मिरवलेला आयुष्यातला तो एकच दिवस.

धा_धिं_धिं_धा:
तबल्याच्या प्रारंभिक परीक्षेत हाताने त्रिताल दाखवायचा होता, एक, पाच, तेराव्या मात्रेला टाळी, नवाला खाली (म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवायचा). मी घाबरून नवालाही टाळी दिली. परीक्षक म्हणाले, बाळ, खाली कुठे गेली? मी खाली वाकून बघितलं.

सूरपेटी:
@कुंदकळी उशिरा वाचलं, क्लास होता. एक विचारू? सर पेटीवर कुठली पट्टी धरायचे, म्हणजे सा कुठल्या सुरावर? स्वतःचीच ना, काळी एक? पुरुषाच्या आवाजाला ती ठीक, पण लहान मुलांना फार खाली पडते, गळा तिथे पोचतच नाही. तेच वरच्या सप्तकात धरलं तर अंतऱ्याला चिरकतात. मग जी पोरं दोन्हीकडून अडकतात ती "बेसूर". मी एवढ्याशा मुलांना काळी पाचच्या आसपास धरते. बेसूर म्हणून माझ्याकडे आणलेली बरीच मुलं पट्टी बदलल्यावर आठवड्याभरात सुरात आली. सगळी नाही, खोटं कशाला सांगू. लेकीच्या बाईंना विचारा, रागवू नका, नुसतं पट्टी विचारा.

कुंदकळी:
सूरपेटी ताई, तुमचं वाचून दहा मिनिटं ओट्याला टेकून उभी होते. सरांचं बोट काळ्यावर असायचं इतकंच आठवतं. काल रात्री मोबाईलवर तंबोरा लावला, काळी पाच, लेकीला म्हटलं म्हण आता तुझं गीत. मस्त म्हणाली!! बाईंना सोमवारी विचारणार आहे. मीही म्हटलं तिच्याबरोबर, दार लावून. मी बहुतेक अजूनही बेसूरच आहे, पण नवरा पेपर वाचत होता तो उठून गेला नाही.

दोनशिक्षकी:
दूध उतू गेलं. @सूरपेटी परिपाठाला पेटी नसेल तर पट्टी कशी धरायची, सांगाल का?

सूरपेटी:
तंबोऱ्याचं फुकट अॅप असतं, फोन माईकजवळ ठेवायचा. व्यनि (खासगी निरोप) करते.

भेंडीबाजार:
कुंदकळी, पेल्यात कढीपत्ता किती दिवस टिकतो? पाणी घालता का? माझा तिसऱ्या दिवशी काळा पडतो.