मदत हवी आहे: जांभ्याच्या कोठारातलं भात वरच्या थरातच ओलं का होतं?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर आजऱ्याकडे. घरचं घनसाळ जातीचं भात आबा मळणीनंतर उन्हात खडखडीत वाळवून जांभ्याच्या कोठारात ओततात. गेल्या माघात वर हात घातला, तर चार बोटं खोलीपर्यंत दाणे दमट आणि कुबट वास. कोपरापर्यंत हात खुपसला तर आत कोरडं, आणि चक्क उबदार! छप्पर गळत नाही, मी स्वतः वर चढून कौलं बघितलीत.

माझा अंदाज असा: भात गरम असतानाच भरलं जातं. थंडीत भिंती आणि वरचा थर गार पडतो, गाभा मात्र कित्येक आठवडे ऊब धरून राहतो. गाभ्यातली हवा दाण्यांच्या फटींतून दमटपणा घेऊन वर चढते, तो वरच्या गार थरात सोडते आणि भिंतीलगत खाली उतरते. हाच विषय प्रोजेक्टला घेतलाय.

ढीग २ मीटर रुंद, दाणा ३ मिमी, सच्छिद्रता (फटींचा वाटा) ०.४ धरून कोझेनी-कारमन सूत्राने पारगम्यता (ढिगातून हवा किती सहज जाते) साधारण ९ × १०⁻⁹ चौ. मी. आली. तापमानाचा फरक १० अंश धरला. आधी रॅले नंबरमध्ये (गरम हवा वर चढण्याचा जोर किती, ते सांगणारा आकडा) नुसत्या हवेची विसरणशीलता (उष्णता पसरण्याचा वेग) घातली, तर उत्तर १६ च्या वर गेलं. ते चुकलं होतं. उष्णता दाण्यांतूनही वाहते, म्हणून ढिगाची वाहकता (०.१२ धरली) भागिले हवेची उष्णताधारकता असं घेतलं. मग आले जेमतेम साडेतीन. खालून तापणाऱ्या सच्छिद्र थरात हवा फिरायला ३९.५ लागतात (हॉर्टन-रॉजर्स १९४५, लॅपवुड १९४८), पण बाजूची भिंत गार असेल तर असा उंबरठाच नसतो.

भिंत ३८ सेंमी, वाहकता ०.८ धरली. दोन्ही भिंतींचा रोध मिळून एकूण रोधाच्या ५ टक्केच भरतो, भातच मोठं रोधक आहे. दिवसरात्रीचा चढउतार भिंतीतच विरतो, आत पोचतो तो हंगामाचा गारवा.

आता खरी अडचण. नसेल्ट नंबर (एकूण उष्णता नुसत्या वहनाच्या किती पट जाते) १.०१ येतो, म्हणजे उष्णता जवळपास सगळी वहनानेच जाते. आमचे सर म्हणतात, अभिसरण (हवेचं फिरणं) सोडून दे. पण डार्सीच्या नियमाने (सच्छिद्र ढिगातल्या प्रवाहाचा नियम) हवेचा वेग काढला तर तो तासाला फार तर अर्धा-पाऊण मीटर येतो. उष्णतेच्या हिशेबात तो नगण्य असेल, पण दोन-तीन महिन्यांत एवढी हवा वर किती बाष्प नेईल! ते सोडायला माझं मन धजत नाही.

बाष्पाचं समीकरण जोडताना दाणा आणि हवा यांच्यातला ओलाव्याचा समतोल लगेच साधतो असं धरलं तर चालेल का? आणि शेणाने सारवलेली आतली भिंत बाष्पासाठी बंद धरू, की जांभा ओलावा ओढतो म्हणून उघडी? धान्यसाठवणुकीवर किंवा सच्छिद्र माध्यमांवर कुणी काम केलं असेल तर कृपया सांगा. आबा मार्गशीर्षात कोठार भरतील, त्याआधी मला त्यांना काहीतरी ठोस सांगायचंय.